कोनाडा

नकाशात तो नव्हता.
बंडू ढेबे गवंड्यानं आपल्या मनानं ठेवला,
चुलीच्या डाव्या अंगाला, खांद्याच्या उंचीवर.
विचारलं तर ओळंब्याची दोरी गुंडाळत म्हणाला,
"असू द्या. घराला लागतो."
कशासाठी, ते बोलला नाही.

आप्पा बळवंत चौकामागच्या बोळात
छत्तीस वर्षं मी चोपड्यांच्या पाठी शिवल्या.
खळीचा वास अजून नखांत आहे;
हेमलता मला परातीला हात लावू देत नाही,
म्हणते, भाकरी पुठ्ठ्याची होईल.
गाळा विकला. वेल्ह्याच्या अलीकडे, ओढ्याच्या काठाला
अकरा गुंठे आणि दोन खोल्या.
उरलेल्या लाल खारव्याचे पडदे झाले.
दिवेलागणीला बांधावरून पाहिलं
तर घर उघड्या चोपडीसारखं दिसतं,
जमेच्या बाजूला दिवा.

कोनाड्याचं मात्र काही ठरेना.
तुळशीबागेतून समई आणली,
ती दुकानात होती तशीच दिसत राहिली.
नातीनं काढलेला मोर चौकटीत घातला,
पिसारा बाहेर, भिंतीवर.
बाटलीतल्या मनीप्लँटनं
धुरापुढे तीन दिवसांत मान टाकली.
शेजारची ठकूबाई ताक घेऊन आली,
आत डोकावली, म्हणाली, "देव कुठं गेलं?"

देव वाटणीत गेले, धाकट्याकडे.
टाक, घंटा, सहाण, सगळे.
पाटाही त्याच्याकडे.
आमच्या वाट्याला वरवंटा, एकटा.
धायरीच्या फ्लॅटमध्ये तेवीस वर्षं
तो वाऱ्यानं आपटणारं दार अडवून उभा होता.

एके दिवशी पीठ सांडलं,
ओटा पुसायचा म्हणून हेमलतानं तो उचलला
आणि कोनाड्यात उभा केला, घटकाभर.
बसला.
कुणी आधी माप घेऊन गेल्यासारखा बसला.

उरलेले सातशे रुपये न्यायला ढेबे आला, तर जेवायची वेळ.
नाचणीची भाकरी, हुलग्याचं पिठलं, कांदा फोडून.
त्यानं हात धुतले, कोनाड्याकडे वळला,
डोळे मिटले,
पहिला तुकडा मोडून तिथं ठेवला.
हेमलता माझ्याकडे बघते, मी पिठल्याकडे.
सांगायचं कुणी?
"मेंगाईचा का?" त्यानं विचारलं.
"नाही हो," हेमलता म्हणाली, "सासूबाईंचा."
"तेच की," म्हणाला, आणि जेवायला बसला.

आठवड्यानं ओढ्यातला एक सपाट दगड आला,
टाकी लावून, गोणपाटात गुंडाळून.
पैसे घेतले नाहीत. भाकरी घेतली.

आता रोज सकाळी हेमलता देवाला खाली काढते,
ठकूबाईनं लावलेलं कुंकू धुते,
लसूण, हिरवी मिरची, जाडं मीठ, मूठभर शेंगदाणे.
देव कुरकुरत राबतो.
मग विसळून, ओलाच, परत जागेवर.
यात पाप आहे का, तिनं विचारलं एकदा.
मला काय माहीत? मी आयुष्यभर
पोथ्या बांधल्या, वाचल्या नाहीत.

काल ती नातीच्या वाढदिवसाला पुण्यात गेली.
वरवंटा मी उचलला.
एका अंगाला खोलगट झीज आहे, कधी पाहिली नव्हती,
आईच्या तळव्याएवढी.
माझा तळवा तिथं बसेना. जरा सरकवला.
मिरची वाटली, त्याच हातानं डोळे चोळले, मूर्खासारखे,
आणि कितीतरी वेळ
ओट्याला धरून उभा राहिलो.
सगळं पाणी मिरचीचंच होतं असं नाही.

भाकरी, खरं सांगतो, पुठ्ठ्याची झाली.
तरी पहिला तुकडा कोनाड्यात ठेवला.
मुंग्यांनी काही नाव ठेवलं नाही.